दिलेली मुलगी

अक्का म्हणजे माझ्या आईची मोठी बहीण. आई तिला अक्का म्हणायची, म्हणून आम्ही चौघी बहिणीही मावशी न म्हणता अक्काच म्हणायचो. ती धुळ्याला राहायची. तिला मूलबाळ नव्हतं. तिचे यजमान रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांना सगळी गल्ली नाना म्हणायची. शाळेला सुट्टी लागली आणि आई मला एकटीला घेऊन धुळ्याला निघाली. ‘चार दिवस राहू, अक्काला बिबडे करू लागू,’ एवढंच तिने मला सांगितलं. मी दहा वर्षांची होते आणि मला आकाश ठेंगणं झालं होतं. चौघींतली मी तिसरी. मोठ्या दोघी शेताला आणि घराला हाताशी आलेल्या, धाकटी चार वर्षांची, सगळ्यांच्या कडेवर. तिसरीच्या वाट्याला आई अशी एकटी कधी यायचीच नाही. असोद्याहून जळगाव, जळगावहून धुळे, सगळ्या वाटेत मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. तिच्या लुगड्याला चुलीच्या धुराचा वास होता आणि ती माझ्या केसांतून हात फिरवत होती. असं ती घरी कधी करत नसे. मला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं, प्रवासात आया असंच करत असतील.

अक्काचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत नानांचं दुकान, मागे चूल आणि मोरी, वर गच्ची. नानांच्या टेबलावर उघडे पडलेले रेडिओ असत, आणि त्यांतून दिवसभर अर्धवट आवाज येत. अर्धी बातमी, गाण्याची एक ओळ, बाजारभाव, मग नुसती खरखर. नाना मान खाली घालून तापलेल्या कथलाचा डाग द्यायचे आणि त्याचा कडवट वास घरभर पसरायचा. पहिले तीन दिवस मला ते घर फार आवडलं. पहाटे आई आणि अक्का मोठ्या पातेल्यात ज्वारीचा घाटा शिजवायच्या. वाटीभर गरम घाटा, वर कच्चं तेल आणि तिखट, असं मला मिळायचं. मग गच्चीवर धोतराचं पान अंथरून दोघी बहिणी ओल्या हाताने बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, थापत बसायच्या. बोलायच्या फार हळू. मी जवळ गेले की थांबायच्या.

चौथ्या दिवशी सकाळी नाना म्हणाले, “चल, बाजारातून भाजी आणू.” आम्ही कांदे, मिरच्या आणि माझ्यासाठी एक लाल रिबीन घेऊन परत आलो तर आई नव्हती. अक्का चुलीपाशी होती आणि तिने मागे वळून पाहिलं नाही. खाटेवर माझी पिशवी होती. आम्ही आलो तेव्हा ती आईच्या मोठ्या पिशवीच्या तळाशी होती, तेव्हा मी ती उघडलीच नव्हती. आता उघडली. माझे सगळे फ्रॉक होते, पाटी होती, शाळेचा दाखला होता, आणि सगळ्यात खाली थोरल्या ताईने विणलेला हिरवा स्वेटर होता. बाहेर वैशाखाचं ऊन पडलेलं. मी तो स्वेटर हातात घेऊन किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. मला कुणी काही सांगितलं नाही आणि मी कुणाला काही विचारलं नाही. चार दिवसांना स्वेटर लागत नाही, हे कळण्याइतकी मी मोठी होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, नाहीतर अक्कावर अन्याय होईल. माझे हाल झाले नाहीत. उलट असोद्याला कधी मिळालं नाही इतकं सगळं मला धुळ्यात मिळालं. रविवारी शेवभाजी माझ्यासाठी वेगळी, कमी तिखटाची व्हायची. अक्काला लहान मुलीची वेणी घालायची सवय नव्हती, तिचा भांग वाकडा पडायचा, मग ती सगळे केस मोकळे करून पुन्हा पहिल्यापासून घालायची, आणि त्यात माझी शाळेची घंटा होऊन जायची. मी जेवायला बसले की समोर बसून ती माझ्या ताटाकडे बघत राहायची. घास संपला की भाकरी पुढे. मला भूक नाही असं म्हणायची सोय नव्हती, तिचा चेहरा लगेच उतरायचा. अशा माणसाला मला घरी जायचंय असं कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून मी मोरीत जायची, नळाखाली बादली ठेवून नळ पूर्ण सोडायची, आणि बादली भरेपर्यंत रडून घ्यायची. पत्र्याच्या बादलीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज मोठा असतो. बादली भरली की तोंड धुऊन बाहेर.

शाळेत नाव घालायला नाना आले होते. गुरुजींनी विचारलं, “वडिलांचं नाव?” नाना जरा थांबले. मग त्यांनी माझ्या आबांचं नाव सांगितलं, गावासकट. त्या संध्याकाळी अक्का कुणाशी बोलली नाही. नाना तिला एवढंच म्हणाले, “अगं, खोटं कसं लिहू?” मी पलीकडे गणितं करत होते. मला त्या दोघांचीही कीव आली आणि कुणाची बाजू घ्यावी ते कळेना. पण रात्री अंथरुणात मी नानांना मनातल्या मनात दुवा दिला, कारण त्या वहीत माझं गाव लिहिलेलं होतं.

दिवाळीला घरी नेतील असं मी धरून चालले होते. नेलं नाही. थंडी आली, तो हिरवा स्वेटर अंगावर आला. मग एक दिवस आबांचं कार्ड आलं. घरी मुलगा झाला होता. चार मुलींनंतर मुलगा. अक्काने गल्लीभर पेढे वाटले आणि मलाही एक भरवला. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चक्र फिरू लागलं. आता आईला माणसं कमी पडत असणार. बाळंतिणीचं पाणी तापवायचं, दुपटी धुवायची, पाळणा हलवायचा. ताई तरी किती ठिकाणी पुरी पडेल? मला वाटलं, आता मी लागणार. मी उपयोगाची आहे हे आईच्या लक्षात आलं की ती मला ठेवून घेईल. हा हिशेब मला इतका पक्का वाटला की मी दुसऱ्याच दिवशी शाळेला म्हणून निघाले आणि बसस्टँडवर गेले. वह्यांसाठी नानांनी दिलेले पैसे होते, ते तिकिटाला पुरले.

माझ्या शेजारी पारोळ्याला उतरणारी एक म्हातारी बसली होती. तिने माझ्या दप्तराकडे पाहिलं आणि विचारलं, “येकलीच शे का व माय?” मी सांगितलं, “आबा मागे बसले आहेत.” तिने मागे वळून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता फडक्यातली अर्धी भाकरी काढून माझ्या हातावर ठेवली. पारोळ्याला उतरताना कंडक्टरला काहीतरी सांगून गेली. जळगावला त्याने मला खाली उतरवून विचारलं, “घर ठाऊक शे ना?” मी मान हलवली आणि चालायला लागले. असोद्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा होत्या. मी ओळखीचा बांध, ओळखीची विहीर बघत जवळजवळ पळत होते. त्या तासाभराइतकी सुखात मी नंतर क्वचितच असेन.

आई आतल्या खोलीत बाजेवर होती. कानाला फडकं बांधलेलं, बाजेखाली शेगडी, ओव्याचा आणि शेपांचा धूर. कुशीत बाळ. मी दारात उभी राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं. आनंद झाला की भीती वाटली हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. ती म्हणाली, “कोनासंगं आली?”

“एकटीच.”

तिने बाळावरचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, “हात धुय. जेव पहिले.”

ताईने वाढलं. भरलेल्या ताटात वांग्याचं भरीत होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती, वर कांद्याची पात. सहा महिन्यांत मी तशी भाकरी खाल्ली नव्हती. मी दोन घास खाल्ले असतील, तेवढ्यात बाहेर आबांचा आवाज आला. ताईच्या पाठच्या बहिणीला पाठवून त्यांना शेतातून बोलावून घेतलं होतं. ते आत आले नाहीत. ओसरीवरच त्यांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. शेतात जाताना आबा मुंडासं बांधायचे, टोपी फक्त गावाला जाताना. घास माझ्या हातात तसाच राहिला. मी उठून आत गेले आणि बाजेचा पाय धरून खाली बसले.

“आई, मी पाळणा हलवीन. मी शाळेत नाही जाणार. मी दुपटी धुवीन.”

“ताई आहे पाळणा हलवाले,” आई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. “तठी अक्काचा जीव टांगला असीन. तिले सांगून तरी आली का तू?”

मी नाही अशी मान हलवली.

“मंग जाय. शहाणी ना तू?”

तिने बाळाकडे तोंड फिरवलं आणि त्याला अंगावर घेतलं. मी बाजेचा पाय सोडला. कुणी ओढलं नाही, कुणी मारलं नाही. शहाणी म्हटल्यावर मला दुसरं काही करता येईना.

जळगावहून धुळ्याच्या बसमध्ये आबांनी मला खिडकी दिली आणि शेंगदाण्याची पुडी घेऊन दिली. ते फार कमी बोलणारे गृहस्थ. एरंडोलपर्यंत काहीच बोलले नाहीत. मग पुढच्या सीटकडे बघत म्हणाले, “अक्का मारत त नही ना?”

“नाही.”

“खायले देते?”

“हो.”

“नाना?”

“नाना चांगले आहेत.”

“मंग?”

मला त्या ‘मंग’चं उत्तर देता आलं नाही. दहा वर्षांच्या मुलीकडे त्यासाठी शब्द कुठून असणार? आबांनी उत्तराची वाट पाहिली, खरंच पाहिली, पारोळा येईपर्यंत ते अधूनमधून माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी डोळे मिटून घेतले. ते झोपलेले नाहीत हे मला दिसत होतं. मला आता वाटतं, मी तेव्हा काहीही बोलले असते, अगदी ‘नको’ एवढंच, तर कदाचित ते पुढच्या स्टँडवर उतरले असते. कदाचित नसतेही उतरले. आबा जाऊन आता पंचवीस वर्षं झाली.

दिवेलागणीला आम्ही पोचलो. अक्का उंबऱ्यावर बसलेली होती. घरात चूल पेटली नव्हती. नाना सायकल घेऊन मला शोधायला गेले होते आणि टेबलावर एक रेडिओ बंद करायचा राहून गेला होता, तो कुणी ऐकत नसताना बोलत होता. अक्का मला रागावली नाही. तिने मला जवळ घेतलं आणि मग चूल पेटवायला उठली. आबा चहा न घेता परतीच्या बसला गेले. दुसऱ्या दिवशी वेणी घालताना अक्का माझ्या पाठीमागून म्हणाली, “सुमे, तुला जायचं असेल तेव्हा जा. मी अडवणार नाही. पण सांगून जा गं.” त्यानंतर मी एकदाही गेले नाही. अडवलं असतं तर गेले असते.

पुढची बारा वर्षं मी त्या घरात काढली. सणावाराला असोद्याला जायची ती पाहुण्यासारखी, जाताना अक्काला परतीची बस सांगून. अक्का गेली तेव्हा मी तिच्या उशाशी होते. शेवटपर्यंत मी तिला अक्काच म्हटलं. तिने कधी दुसरं काही म्हणायला सांगितलं नाही, आणि तिला काय ऐकायचं होतं हे मला माहीत होतं. तोंड उघडायचं आणि शब्द यायचा नाही.

लग्न होऊन मी जळगावला आले. माणसं चांगली मिळाली, संसार चांगला झाला. तरी ‘दोन दिवस जाऊन येतो’ असं यजमान म्हणाले की मी परतीची बस कोणती ते तीनतीनदा विचारायची. कुणाकडे मुक्कामाला गेले तर पिशवीतले कपडे मी बाहेर काढत नाही, आजही नाही. कुणी जायला निघालं की मी मोरीत काहीतरी काम काढते, म्हणजे निरोप द्यायला लागत नाही. घरच्यांना वाटतं मला स्वच्छतेची फार हौस. एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायलाही बसले नसते. पण माझी मुलगी स्वाती बारावीला उत्तम गुणांनी पास झाली आणि तिला पुण्याला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला. आम्ही तिची बॅग भरायला घेतली. मी कपाटातून तिचा स्वेटर काढला, घडी केली, आणि मला ताप भरला. खोटा नव्हता, थर्मामीटर लावून बघितला होता. सात दिवस उतरला नाही. डॉक्टरांना काही सापडेना. मी तिला जाऊ नको असं एका शब्दाने म्हटलं नाही. आठव्या दिवशी प्रवेशाची मुदत संपली होती. स्वाती म्हणाली, “ठीक आहे आई, इथेच बीएस्सी करते,” आणि कॉलेजचं माहितीपत्रक रद्दीत ठेवून दिलं. मला दुसऱ्या दिवशी बरं वाटलं.

आता स्वाती जळगावातच एका शाळेत शिकवते. तिचा मुलगा सहलीला गेला आणि मी दिवसभरात तिला इतके फोन केले की तिच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी तिला बोलावून समज दिली. तेव्हा तीच मला एका समुपदेशक बाईंकडे घेऊन गेली. बाई माझ्या मुलीपेक्षाही लहान होत्या. मी त्यांना तीन आठवडे रेडिओ, बिबडे आणि शेवभाजीबद्दल सांगत राहिले, आणि त्यांनी ऐकून घेतलं. चौथ्या आठवड्यात स्वेटरपर्यंत आले. बाईंनी विचारलं, “आई आहेत अजून?”

“आहे. नव्वदीला टेकली आहे.”

“त्यांना कधी विचारलंत?”

मी हसले. साठीच्या पुढच्या बाईने हे कसं विचारायचं? पण त्यानंतर मला झोप लागेना, आणि एका रविवारी मी स्वातीला म्हटलं, मला असोद्याला सोड.

माझा भाऊ, ज्याच्यासाठी पेढे वाटले होते, तो आता गावातलं मोठं शेत बघतो. वहिनी आईचं सगळं मनापासून करते. आईची बुद्धी शाबूत आहे, पण ऐकू जवळजवळ येत नाही. कानातलं मशीन तिला टोचतं म्हणून ती ते काढून उशीखाली ठेवते. ती ओट्यावर खुर्चीत बसली होती. वहिनी मेथी निवडत होती, समोरच्या घरातल्या दोघी ओट्यावरच होत्या, स्वाती गाडीला टेकून उभी होती. मी आईच्या पायाशी बसले आणि हळू आवाजात विचारलं.

“काय?” आई म्हणाली.

मी पुन्हा विचारलं.

“मोठ्यानं बोल व.”

मग मी ओरडले. “मलाच का दिलं अक्काला? चौघी होतो ना आपण!”

मेथीवरचा वहिनीचा हात थांबला. समोरच्या बायका बोलायच्या थांबल्या. आयुष्यभर जे मी नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं ते आता अर्ध्या गल्लीने ऐकलं होतं. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण आईने माझं मनगट धरलं होतं. ती चिडली नाही, गोंधळलीही नाही. सरळ उत्तर दिलं.

“चौघीत तूच रडे नही,” ती म्हणाली. “बाकीच्या लगेच रडत. मले वाटलं, हे पोर राहीन तठी.”

बस, एवढंच. तिला ते पुरेसं वाटत होतं. मी म्हटलं, “मी रडत होते, आई.”

“काय?”

तिने मान पुढे केली, हात कानाशी नेला. ती ऐकायला तयार होती. मला फक्त आवाज चढवायचा होता. समोरच्या बायका वाट बघत होत्या.

“काही नाही,” मी म्हटलं. तिने समाधानाने मान हलवली आणि वहिनीला म्हणाली, “चहा ठेव व, सुमी आलीय.”

परत येताना स्वातीने गावाबाहेर केळीच्या एका बागेपाशी स्कूटर थांबवली. मला वाटलं, फोन आला असेल. ती गाडीवरून उतरली नाही. समोर बघतच म्हणाली, “मी पण रडत होते, आई.”

“कधी?”

“पुण्याच्या वेळी. तू तापात होतीस तेव्हा. गच्चीवर जाऊन.”

मला तर ऐकू येतं. सगळं नीट ऐकू येतं, तेव्हा आईसारखं ‘काय?’ असं विचारायचीही सोय नव्हती. रस्त्यावरून केळीच्या घडांनी भरलेला एक ट्रॅक्टर आमच्या शेजारून हळूहळू गेला. तो पुढे जाईपर्यंत मी त्यातले घड बघत राहिले. मग विचारलं, “अजून राग आहे?”

तिने विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नाही.

“आहे थोडा.”

“असू दे,” मी म्हटलं.

तिने गाडी सुरू केली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि धरून बसले.